'मास इफेक्ट: अँड्रोमेडा'चं परीक्षण पुन्हा करा: मराठी गेम-परीक्षकांना खुलं पत्र

सांगली

मराठीत व्हिडिओ गेमची परीक्षणं करणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

सेल लागला की काय घ्यावं आणि कशाला हात लावू नये, याच्या याद्या तुम्ही करता. 'मास इफेक्ट: अँड्रोमेडा' त्यात कायम 'हात लावू नये' या बाजूला असतो. कारण म्हणून तीच जुनी क्लिप दाखवतात: थिजलेले डोळे, ओठांची नुसती उघडझाप, एवढी मोठी बातमी ऐकूनही कोरा राहिलेला चेहरा. ती क्लिप मार्च २०१७ची आहे. आज हा गेम विकत घेणाऱ्याला तो त्या अवस्थेत मिळत नाही, आणि तुमचा व्हिडिओ बघून विटा, कराड किंवा वाईचा एखादा पोरगा तो घ्यायचं टाळतो, तेव्हा तो आज अस्तित्वात नसलेल्या गोष्टीला नकार देत असतो.

आम्ही सांगली, मिरज आणि साताऱ्यात राहणारे, रोल-प्लेइंग गेम आवडीने आणि खोलात जाऊन खेळणारे काही जण आहोत. आमची मागणी एकच आहे. या गेमची शेवटची आवृत्ती घ्या, ज्या पद्धतीने तो खेळायला हवा त्या पद्धतीने निदान व्होल्ड या ग्रहापर्यंत खेळा, आणि मग परीक्षण पुन्हा करा. उणिवा झाकायला आम्ही सांगत नाही. उलट खऱ्या उणिवा कोणत्या तेही खाली लिहितो, कारण तुमच्या व्हिडिओंत नेमक्या त्याच सुटतात.

आधी २०१७ साली काय झालं ते बघू. पहिले तीन 'मास इफेक्ट' २००७, २०१० आणि २०१२ साली आले आणि तिन्ही अनरियल इंजिन ३वर बांधलेले होते (इंजिन म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर). 'अँड्रोमेडा' बायोवेअरच्या माँट्रियल स्टुडिओने फ्रॉस्टबाइट इंजिनवर केला. फ्रॉस्टबाइट हे मुळात डाइस या स्टुडिओने 'बॅटलफील्ड'सारख्या नेमबाजीच्या खेळांसाठी घडवलेलं इंजिन. रोल-प्लेइंग गेमला लागणारी संवादांची, सामानाची, पात्रांच्या वाढीची यंत्रणा त्यात आयती नव्हती. भरीला सुरुवातीची योजना शेकडो ग्रह संगणकाकरवी आपोआप तयार करून घेण्याची होती. ती जमली नाही, सोडून द्यावी लागली, आणि जून २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर शोधवृत्तानुसार आज आपण खेळतो त्यातला बहुतेक भाग शेवटच्या दीड वर्षाच्या आत उभा राहिला. एवढ्या मोठ्या संवादप्रधान गेममध्ये हजारो वाक्यं असतात. ओठ आणि डोळे आधी सॉफ्टवेअर हलवतं, मग महत्त्वाच्या प्रसंगांवरून ॲनिमेटर हात फिरवतात. वेळ कमी पडला की कात्री लागते ती या हाताच्या कामाला. चेहरे बिघडले ते इथे. लेखन, लढाईची रचना आणि ग्रहांची मांडणी ही कामं वेगळी होती, आणि चेहऱ्यांच्या हशात ती कुणी नीट पाहिलीच नाहीत.

त्यात गेम २१ मार्चला येण्याच्या पाच दिवस आधी प्रकाशक कंपनी ईएच्या 'ईए ॲक्सेस' योजनेच्या सभासदांना दहा तासांचा चाचणी-खेळ खुला झाला होता. ते पहिले दहा तास हा या गेमचा सगळ्यात अशक्त भाग आहे, हे आम्हीही मान्य करतो. क्लिपा तेव्हापासून फिरू लागल्या त्या अजून थांबलेल्या नाहीत.

६ एप्रिल २०१७ला १.०५ हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आला. माणसांच्या आणि असारी या परग्रही जमातीच्या डोळ्यांतला तो काचेरी निर्जीवपणा बराच कमी झाला, ओठांची जुळणी सुधारली, सामान ठेवायची मर्यादा वाढली, रेम्नंट, म्हणजे त्या ग्रहांवरच्या प्राचीन यंत्रांची, कुलपं उघडायच्या किल्ल्या स्वस्त झाल्या आणि सहज मिळू लागल्या. एका ग्रहावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी पूर्ण बघावं लागणारं उड्डाणाचं दृश्यही वगळता येऊ लागलं. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण त्याच्या अभावी नकाशावर फिरणं हीच शिक्षा होती. जूनमधल्या १.०८ने आपलं पात्र घडवायचे पर्याय वाढवले. १.१० हा शेवटचा पॅच. एकट्याने खेळायच्या भागात यापुढे काही येणार नाही, हे ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं. आज डाउनलोड होते ती ही शेवटची आवृत्ती.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभं केलं, त्या गावातून आम्ही हे लिहितो आहोत. नवं नाटक आलं की पहिल्या प्रयोगांत प्रवेश लांबतात, संवाद अडखळतात, मग काटछाट होऊन ते बसतं, हे इथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. पहिल्या प्रयोगावरून लिहिलेलं परीक्षण पुढे वर्षानुवर्षं तसंच्या तसं छापत राहणाऱ्याला इथे कुणी समीक्षक म्हणणार नाही.

आता लढाईकडे येतो. आमच्या मते संपूर्ण मालिकेत 'अँड्रोमेडा'ची लढाई सर्वोत्तम आहे, आणि हे तुमच्यापैकी कुणीच ठामपणे सांगत नाही याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या तीन गेममध्ये सुरुवातीला एक वर्ग निवडला की तो शेवटपर्यंत चिकटायचा. इथे लढाई, तंत्र आणि बायोटिक (मनाने वस्तू उचलण्या-फेकण्याच्या शक्ती) या तिन्ही शाखांतलं काहीही कुणालाही शिकता येतं. जिथे गुण घालाल त्याप्रमाणे सात प्रोफाइल खुली होत जातात: सोल्जर, इंजिनिअर, ॲडेप्ट, सेंटिनेल, व्हॅनगार्ड, इन्फिल्ट्रेटर आणि एक्सप्लोरर. एका वेळी तीनच शक्ती हाताशी राहतात, पण तीन शक्ती आणि एक प्रोफाइल अशा चार जोड्या आधी लावून ठेवता येतात आणि भर लढाईत बदलता येतात. बदलल्यावर सगळ्या शक्ती पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ती बदली आडोशामागे असतानाच करायची.

एक चकमक जवळून बघा. समोर केट या शत्रू जमातीच्या सैनिकांची तुकडी, तुमच्यापुढे कमरेएवढी भिंत. बंदूक बाहेर काढलेली असेल तर रायडर, म्हणजे तुमचं पात्र, भिंतीजवळ जाताच आपोआप दबकतो, त्यासाठी वेगळं बटण नाही. जुन्या सवयीने बटण शोधणारे 'कव्हर चालत नाही' म्हणतात ते यामुळेच. आता जंप जेटने उसळी मारा आणि हवेत असतानाच नेम धरा. रायडर क्षणभर हवेत तरंगत राहतो आणि भिंतीमागे लपलेला सैनिक वरून उघडा दिसतो. त्याच्यावर 'पुल' टाका, तो जमिनीवरून उचलला जातो. लगेच 'थ्रो' टाका. पहिल्या शक्तीने लक्ष्य तयार होतं, दुसरीने स्फोट होतो आणि शेजारचे दोघेही उडतात. पहिलीला प्रायमर म्हणतात, दुसरीला डेटोनेटर. कोणती शक्ती कशासाठी, हे कौशल्यांच्या पडद्यावर चिन्हानेच दाखवलेलं आहे, पण ते न वाचता तीनही डेटोनेटर घेऊन बसणारे पुष्कळ असतात. मग कॉम्बो, म्हणजे असा जोडस्फोट, एकही होत नाही, शत्रू गोळ्यांनी सावकाश मरतात, आणि 'शत्रू म्हणजे गोळ्या शोषणारे स्पंज' असं परीक्षण तयार होतं.

'पुल' लागत नसेल तर शत्रूवर ढाल किंवा चिलखत आहे. ढालीवर 'ओव्हरलोड' टाकून मग उचलायचं, चिलखतावर 'इन्सिनरेट' वापरायचं. जवळून भिडायला आवडत असेल तर व्हॅनगार्ड घ्या. 'चार्ज' मारून शत्रूवर आदळलात की स्वतःची ढाल पुन्हा भरते, त्यामुळे मागे पळण्यापेक्षा पुढे घुसणं सुरक्षित ठरतं. ही उलटी हिंमत या गेमने फार सुंदर जमवली आहे.

वजन हा दुसरा सापळा. जितकी जड हत्यारं पाठीवर, तितक्या शक्ती उशिरा भरतात. स्नायपर आणि शॉटगन दोन्ही लादून फिरणाऱ्याच्या शक्ती कायम रिकाम्या असतात. बायोटिकवर भर असेल तर एक हलकं पिस्तूल पुरतं. दोन्ही जड बंदुका हव्याच असतील तर 'कॉम्बॅट फिटनेस'मध्ये गुण घाला, त्याने वजनाची मर्यादा वाढते. आणि गुण दहा ठिकाणी शिंपडू नका. प्रत्येक शक्तीच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीवर दोनांतला एक पर्याय निवडायचा असतो आणि शक्तीचा खरा स्वभाव तिथे ठरतो. तीन शक्ती सहाव्या पायरीपर्यंत नेलेला खेळाडू आणि नऊ शक्ती दुसऱ्या पायरीवर ठेवलेला खेळाडू, हे दोघं जणू वेगवेगळे गेम खेळत असतात. चुकलं तर टेम्पेस्ट जहाजाच्या दवाखान्यात पैसे मोजून सगळे गुण परत घेता येतात.

हत्यारं बनवण्याचा भाग किचकट आहे, ते खरं. आधी स्कॅनरने वस्तू तपासून संशोधनाचा डेटा जमवायचा, त्यातून आराखडा मिळवायचा आणि मग खनिजं घालून वस्तू तयार करायची. डेटा मिल्की वे (आपली दीर्घिका), हीलियस (अँड्रोमेडातला, गेम घडतो तो तारकासमूह) आणि रेम्नंट अशा तीन वेगळ्या खात्यांत जमा होतो आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. एक बंदूक आणि एक चिलखत निवडा, डेटा त्याच्यावरच खर्च करा, बाकीची यादी उघडूही नका.

यापुढचा मुद्दा आम्हाला लढाईपेक्षाही जवळचा आहे. हा गेम कशाबद्दल आहे, हे बहुतेक परीक्षणांत नीट येतच नाही. २१८५ साली निघालेली माणसं ६३४ वर्षं गोठलेल्या झोपेत प्रवास करून २८१९ साली अँड्रोमेडा दीर्घिकेत पोचतात. ज्या ग्रहांच्या भरवशावर आलो ते राहण्यायोग्य उरलेलेच नाहीत. सुमारे चौदा महिने आधी येऊन थांबलेल्या नेक्सस या तळावर रसद संपत आली आहे, बंड होऊन गेलं आहे, बंडखोरांना हाकलून दिलं आहे, आणि वरचे सगळे मेल्यामुळे महसुलाचा हिशेब बघणारा, सलेरियन या परग्रही जमातीतला टान नावाचा एक अधिकारी ज्येष्ठतेच्या यादीने प्रमुखाच्या खुर्चीत येऊन बसला आहे. विश्व वाचवण्याची कथा पहिल्या तीन गेमनी सांगून झाली होती. इथे प्रश्न आहे तो वस्ती टिकेल का, हवा-पाण्याचं काय, आणि झोपलेल्या हजारोंपैकी आधी कुणाला उठवायचं याचा. जत-आटपाडी आणि माण-खटावच्या खेळाडूला या प्रश्नाचं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

इऑस ग्रहावर उतरल्यावर हे दिसतं. तिथे आधीच्या दोन वसाहती मोडून पडलेल्या आहेत, नावं प्रॉमिस आणि रेझिलियन्स. घरं उभी आहेत, माणसं नाहीत. घाई न करता तिथले संगणक एकेक उघडून वाचा. किरणोत्सर्ग वाढतोय, अन्न संपतंय, वरून आदेश येतोय की थांबा, आणि नोंदी हळूहळू आखूड होत जातात. मग तिसरी वसाहत तुम्ही वसवता आणि ती लष्करी करायची की संशोधनाची, ते ठरवायचं असतं. त्यासाठी आधी तीन रेम्नंट मनोरे चालू करायचे. मनोऱ्यावरचं कोडं सुडोकूसारखं असतं, एक चिन्ह एका ओळीत, स्तंभात आणि चौकटीत एकदाच. न दिसणारी चिन्हं आसपासच्या बांधकामावर स्कॅनरने शोधायची. चुकलात तर यंत्रं हल्ला करतात. त्यानंतर जमिनीखालचं भुयार उघडतं, आतली यंत्रणा चालू केली की शुद्धीकरणाची लाट मागून येते आणि तुम्ही जिवाच्या आकांताने दाराकडे धावता. बाहेर येऊन बघावं तर आकाश निवळायला लागलेलं असतं, नोमॅड गाडीतून उतरून मोकळं फिरता येतं. आपल्या हातून जमीन राहण्याजोगी झाली, हे समाधान देणारे साय-फाय गेम फार थोडे आहेत.

अंगारा ही तिथली मूळ जमात आणि जाल हा त्यांच्यातला सोबती यांच्यावरही कुणी बोलत नाही. अनेक आयांच्या भल्या मोठ्या कुटुंबात वाढलेली, मनात येईल ते लगेच बोलून टाकणारी, पुनर्जन्म मानणारी ही माणसं. जाल आणि ड्रॅक, व्हेट्रा हे आणखी दोन सोबती यांच्या निष्ठेच्या मोहिमा जुन्या गेमच्या पंगतीला सहज बसतात. व्होल्डवरच्या मोशाई या अंगारा विदुषीच्या सुटकेची मोहीम तर आम्ही मुद्दाम मर्यादा म्हणून सांगितली आहे. तिथपर्यंत जाऊनही गेम आवडला नाही तर तसं स्पष्ट सांगा, आमची तक्रार राहणार नाही.

तिथपर्यंत पोचायचं कसं, हेही प्रेक्षकांना सांगा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे इऑस पूर्ण संपवायचा हट्ट. सुरुवातीला निम्म्या नकाशावर किरणोत्सर्ग असतो, तो कथेच्या ओघात पुढे उतरतो. वसाहत झाली की निघा, नंतर परत या. कामांच्या नोंदवहीत चार प्रकार असतात. प्रायॉरिटी ऑप्स ही मुख्य कथा, मग सोबत्यांची कामं, मग हीलियस असाइनमेंट्स. या तिन्हींत मन लावा. चौथा प्रकार 'ॲडिशनल टास्क्स' म्हणजे दहा खनिजं शोधा, वीस वस्तू स्कॅन करा, त्यासाठी तीन ग्रह पालथे घाला. ती वाटेत झाली तर झाली, नाही तर सोडून द्या. साठ तासांच्या खेळाचे शंभर तास करणारा आणि 'हा गेम कंटाळवाणा आहे' हे मत बनवणारा भाग तो हाच.

नोमॅडला सहा चाकं आहेत आणि दोन पद्धती. सपाटीवर वेगाची चारचाकी पद्धत, चढावर सहाचाकी. चढावर चारचाकी ठेवून घसरत राहणारे गाडीला दोष देतात. फॉरवर्ड स्टेशन दिसलं की आधी ते चालू करा. तिथे गोळ्या मिळतात, हत्यारं बदलता येतात आणि पुढे थेट तिथेच पोचता येतं. वसाहतींतून मिळणारे एव्हीपी (वसाहतीच्या प्रगतीचे) गुण साठवून ठेवू नका. त्या गुणांनी गोठलेल्या झोपेतून उठवलेली पथकं ठरावीक काळाने सामान पाठवत राहतात, म्हणजे जितकं लवकर उठवाल तितकं जास्त पदरात पडेल.

मुख्य मोहिमेत मधेच हाताने सेव्ह करता येत नाही, फक्त चेकपॉइंट असतात. वळवाच्या पावसात वीज जाण्याच्या दिवसांत इन्व्हर्टर नसेल तर मोठी मोहीम संध्याकाळी सुरू करू नका. सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समध्ये बायोवेअरच्या फोल्डरात असतात, विंडोज नव्याने टाकण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवा.

कंपनीने सांगितलेली किमान गरज ८ जीबी रॅम, जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड आणि ५५ जीबी जागा अशी आहे, तर शिफारस १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६०ची. म्हणजे आज जुन्यात मिळणारा साधा संगणकही पुरतो. स्टीमवरून घेतला तरी ईएचं ॲप लागतंच, हे मात्र आधी सांगा, नाहीतर ऐन वेळी खात्याचा गोंधळ होतो.

आता खऱ्या उणिवा, ज्या तुमच्या नव्या परीक्षणात यायलाच हव्यात. आर्कन हा खलनायक फिका आहे. नव्या दीर्घिकेत जाऊन बोलणाऱ्या नव्या जमाती दोनच भेटतात, अंगारा आणि केट. शत्रूंचे प्रकार मोजके आहेत आणि पन्नासाव्या तासाला त्याच तळावर तेच सैनिक भेटतात. सर्वांत मोठं नुकसान म्हणजे सोबत्यांना 'आता ही शक्ती वापर' असा हुकूम देता येत नाही. जुन्या गेममध्ये तो देता यायचा, आणि कॉम्बोवर उभ्या असलेल्या लढाईत ही उणीव फार जाणवते. चेहरे आजही अधूनमधून खटकतात. आणि गोष्ट अर्धी राहिली आहे. क्वेरियन या परग्रही जमातीचं जहाज कुठे गेलं हा धागा गेमने शेवटी मुद्दाम मोकळा ठेवला, पण पुढचा कथाभाग गेममध्ये आलाच नाही.

तुम्हाला हे सगळं मांडून शेवटी दहापैकी सहा गुण द्यावेसे वाटले तर द्या. आम्ही आठ देऊ, आणि तुमच्या सहांशी आनंदाने वाद घालू. फक्त व्हिडिओच्या सुरुवातीला कोणती आवृत्ती खेळलात, कोणत्या अडचण-पातळीवर, कोणत्या तीन शक्ती घेऊन आणि कोणत्या ग्रहापर्यंत, एवढं सांगा. मार्च २०१७ची क्लिप दाखवायची असेल तर तिच्यावर तारीख लिहा, आणि तोच प्रसंग शेवटच्या आवृत्तीत कसा दिसतो ते शेजारी ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सांगली, मिरज आणि साताऱ्यातले काही खेळाडू